निकाल माहीत असताना साप्ताहिक का वाचायचो आपण?

अकरावा गडी (धागाकर्ता)

मंडळी, मॅच रविवारी संपायची. स्कोअर सोमवारच्या पेपरात. साप्ताहिक घरी पडायचं पुढच्या शनिवारी, आणि पोस्टमन रजेवर असला तर त्याच्याही पुढच्या मंगळवारी. म्हणजे कोण जिंकलं, कुणी किती काढल्या, कॅच कुणी सोडला, सगळं तोंडपाठ झालेलं. तरी कागदी पट्टी फाडायला घरात दोघांची झटापट व्हायची. का?

नव्या पोरांसाठी थोडा काळ सांगतो. 'द हिंदू'वाल्यांनी मद्रासहून १९७८ मध्ये 'स्पोर्टस्टार' काढलं. कलकत्त्याहून 'स्पोर्ट्सवर्ल्ड' यायचं, संपादक मन्सूर अली खान पतौडी. मुंबईत खालिद अन्सारींचं 'स्पोर्ट्सवीक' होतं, 'मिड-डे' त्यानंतरचा. मराठीत ८३चा वर्ल्डकप जिंकल्यावर 'एकच षटकार' निघालं, त्याचे संपादक संदीप पाटील. ते पाक्षिक, पण भूक तीच. आमच्याकडे 'स्पोर्टस्टार'ची वर्षाची वर्गणी भरलेली असे.

माझं म्हणणं असं की निकाल माहीत असायचा म्हणूनच वाचायला मजा यायची. मे १९९१ची रणजी फायनल घ्या. वानखेडे, मुंबई विरुद्ध हरयाणा. मुंबईला ३५५ हवे होते, ३५२ वर सगळे बाद. दोन धावांनी गेली. वेंगसरकर नाबाद १३९, सचिन ९६, हे दुसऱ्या दिवशी पेपरात आलंच. पण अकरावा म्हणून अबय कुरुविला आत आला तिथून पुढे काय झालं? वेंगसरकरच्या पायात गोळे आले, रनर म्हणून लालचंद राजपूत उभा राहिला, आणि शेवटी कुरुविला धावबाद झाला. त्या धावेला 'हो' कोण म्हणालं? कपिलनं माणसं कुठे कुठे उभी केली होती? पेपरवाल्याला त्याच रात्री पान सोडायचं असतं, त्याला एवढं विचारत बसायला वेळ नाही. साप्ताहिकवाला दोन दिवस चार लोकांशी बोलून मग लिहायला बसतो. वाचणाराही शेवट ठाऊक असल्यामुळे धापा टाकत वाचत नाही, मॅच फिरली ती जागा शोधत वाचतो.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्गणी वर्षाची असते, सीझनची नसते. क्रिकेट नसलेल्या आठवड्यातही अंक येतोच. मग तुम्ही टेबल टेनिसच्या नॅशनल्सचा वृत्तांत वाचता, कुठल्याशा भालाफेकपटूची मुलाखत वाचता, कारण पैसे भरलेले आहेत आणि हातात दुसरं काही नाही. स्टॉलवरचं गिऱ्हाईक मुखपृष्ठ बघून अंक उचलतं. वर्गणीदाराला ती सोय नाही, आणि त्यातच त्याचं भलं होतं. मी टेनिस बघायला लागलो तो असल्या 'रिकाम्या' अंकांमुळे.

तुमचं काय? फक्त "काय दिवस होते राव" लिहून पळू नका.

गवती_चहा

रुमाल (म्हणजे जागा धरून ठेवते). रात्री सविस्तर लिहिते.

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण जरा हळवेपणा बाजूला ठेवू या का? तेव्हा पर्याय काय होता? दूरदर्शन दाखवील ते, पेपरचं शेवटचं पान, आणि तिसरं हे साप्ताहिक. उपाशी माणसानं केलेल्या जेवणाच्या कौतुकावर फार विसंबू नये.

आणि खरं बोला, निम्म्या पोरांनी घरच्यांच्या मागे लागून वर्गणी भरायला लावली ती मधल्या पानावरच्या पोस्टरसाठी. लेख वाचणारे वर्गात दोघं-तिघं, पोस्टर मागणारे पाऊण वर्ग. लिखाणही सगळंच थोर नव्हतं. कित्येक दौऱ्यांचे वृत्तांत म्हणजे पाच दिवसांच्या पाच बातम्या एकाखाली एक जोडलेल्या. आज त्याहून सरस लिहिणारे ढीगभर आहेत, फोनवर आहेत आणि बरेचसे फुकट आहेत.

टाचणी

पोस्टरवाल्यांचा अपमान सहन केला जाणार नाही!

पोस्टर काढणं ही कला होती. अंक मधोमध उघडून पालथा धरायचा, दोन्ही पिनांचे पाय सुरीच्या टोकानं उभे करायचे, पान अलगद वर उचलायचं आणि पिना परत दाबून टाकायच्या. हे शेवटचं विसरलात तर उरलेला अंक सुटा होऊन घरभर. ज्यांना धीर नव्हता ते सरळ ओढायचे, मग टेनिसवाल्या बेकरच्या पोटात दोन फाटकी भोकं. भिंतीला हात लावायची परवानगी नसल्यानं आमची पोस्टरं लाकडी कपाटाच्या दाराला आतून. आईच्या साड्यांच्या समोर इव्हान लेंडल. "हा मेला कधी हसत नाही का रे?" असं ती रोज साडी काढताना विचारायची.

प्रूफवाला

पोस्टर मधल्याच पानावर का असायचं, हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. छापखान्यात काम करतो.

पिन मारलेल्या अंकात समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर सलग फक्त एका जागी येतात, बरोबर मध्यावर. बाकी कुठेही डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या. चित्र जोडावर थोडं तरी सरकणार, आणि फाडून भिंतीवर लावायचं तर दोन तुकडे हातात येणार. म्हणून मधलं पान.

तेव्हाच्या अंकात काही पानं रंगीत आणि काही काळी-पांढरी का असायची तेही यातच आलं. रंगीत फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं) महाग आणि वेळखाऊ, ते आधी छापून ठेवायचे. ताज्या बातमीची पानं शेवटी. त्यामुळे पोस्टर कुणाचं हे संपादकाला आधीच ठरवून टाकावं लागे. खेळात हा जुगारच. सोल ऑलिंपिक आठवा. बेन जॉन्सन २४ सप्टेंबर १९८८ ला ९.७९ सेकंदांत शंभर मीटर धावला आणि २७ तारखेला त्याचं पदक काढून घेतलं. दैनिकाचं काय, आज एक छापलं, उद्या दुसरं. साप्ताहिकाचा रंगीत फॉर्म या तीन दिवसांच्या मध्ये मशीनवर चढला असेल तर? मला खेळातलं फार कळत नाही, पण त्या आठवड्यात जगभरच्या छापखान्यांत किती कागद वाया गेला असेल हा विचार नेहमी येतो.

अकरावा गडी

@प्रूफवाला, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

@स्पष्टवक्ता, पोस्टर मान्य. पण पोस्टर काढून झाल्यावर अंक फेकला का जायचा नाही, हे सांगा.

स्पष्टवक्ता

रद्दीला वजन लागतं म्हणून. 😄

गवती_चहा

आले. थोडं लांबेल.

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होती. पी. टी. उषा चौथी. तिची वेळ ५५.४२, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्टिना कोयोकारूची ५५.४१. हे आकडे देशातल्या प्रत्येक शाळेत पाठ होते. रेडिओवर कळलं, पेपरात आलं, पी.टी.च्या तासाला बाईंनी सांगितलं. पण मला त्याचा अर्थ लागला साप्ताहिकातली फोटो-फिनिशची पट्टी बघून. कोण आधी पोचलं ते पायावरून ठरत नाही, धडावरून ठरतं, हे तिथे कळलं. पट्टीवर फूटपट्टी ठेवून मी आणि धाकटी बहीण भांडलो होतो. शेजारच्या लेखात होतं की पहिला स्टार्ट चुकीचा ठरल्यानं शर्यत परत सुरू करावी लागली आणि उषानं पहिल्या वेळी झेप फार छान घेतली होती. एक शतांश सेकंद कुठे गेला असेल याचं निदान एक उत्तर तरी हाती लागलं.

निकालानंतरचं वाचन म्हणजे काय, तर माझ्यासाठी हे. अकरावा गडींशी शंभर टक्के सहमत.

पण गोडवेच गायचे नाहीत म्हणता ना, मग ऐका. भारतात महिलांचा क्रिकेट वर्ल्डकप जानेवारी १९७८ मध्ये झाला. आपल्या महिलांची पहिली वनडे १ जानेवारीला ईडन गार्डन्सवर, कॅप्टन डायना एडलजी. म्हणजे 'स्पोर्टस्टार' निघालं त्याच वर्षी. इतकं घरच्या अंगणातलं असूनही पुढची कित्येक वर्षं या मुलींच्या वाट्याला अर्धा कॉलम आणि पासपोर्ट साइझ फोटो. टेनिसच्या स्टेफी आणि सबातिनीला रंगीत पान, आणि त्यातही सबातिनीला जास्त वेळा का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गणीचे पैसे मुलींच्या घरातूनही जात होते हो.

टाचणी

सबातिनीबाबत गुन्हा कबूल. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करावा लागण्याआधी थांबतो.

उंटाची तिरकी चाल

बुद्धिबळवाल्यांची गोष्टच वेगळी आहे. बाकीच्यांना साप्ताहिकात खेळाचं वर्णन मिळायचं. आम्हाला खेळच मिळायचा.

सप्टेंबर १९९५, न्यूयॉर्क, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा १०७वा मजला, आनंद विरुद्ध कास्पारोव्ह. पहिले आठ डाव बरोबरीत. पेपरात रोज एक ओळ: आणखी एक डाव बरोबरीत. घरचे म्हणायचे, हे दोघं तिथे चहा प्यायला गेलेत काय. मग नववा डाव आनंदनं जिंकला. अंक आला तो घेऊन मी पट मांडला. डाव्या हाताचं बोट चालींच्या ओळीवर, उजव्या हातानं मोहरी. २७व्या चालीला आनंदचा घोडा डी-५ वर येऊन बसतो. तिथे मी थांबलो आणि पुढचं पान हातानं झाकलं. आपण काळ्याकडून असतो तर काय केलं असतं? जेवायची हाक आली, तरी पट तसाच. निकाल ठाऊक होता, आनंद जिंकलाय हे ठाऊक होतं, आणि तरी मला काळ्याला वाचवायचं होतं. नाही वाचला.

दहाव्या डावात कास्पारोव्हनं घरून तयारी करून आणलेली चाल काढली आणि हत्तीचं बलिदान देऊन आनंदला उडवलं. तो डाव मांडायला मला पुढच्या अंकापर्यंत वेळच झाला नाही, की मन झालं नाही, आता आठवत नाही.

कोडीही असायची. 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात.' उत्तर पुढच्या अंकात. आज ॲपवर कोडं अडलं की दहा सेकंदांत बोट 'उत्तर दाखवा'वर जातं. तेव्हा बोट न्यायला जागाच नव्हती. शाळेत जाताना, आंघोळीला, तेच डोक्यात. सांगलीत आमच्या गल्लीत एकच अंक यायचा आणि तिघं त्यावर झुरायचो. उत्तर चुकीचं छापलंय असं पत्र आमच्यातल्या एकानं पाठवलंही होतं.

रील_बघ्या

सगळं छान आहे, पण एक बाळबोध प्रश्न. वेंगसरकरची ती इनिंग काय, उषाची शर्यत काय, आज असं काही झालं तर आम्ही पाच मिनिटांत दहा अँगलनी बघतो. मग वाचून अजून काय मिळतं? खरंच विचारतोय, खवचटपणा नाही.

नऊ_वाजताची_लोकल

@रील_बघ्या, मी सांगतो. मी त्या दिवशी वानखेडेवर होतो. ऑफिसातून सटकून, नॉर्थ स्टँडला. सगळं डोळ्यांदेखत घडलं आणि मला काहीही दिसलं नाही. पुढचा उभा, त्याच्या पुढचा उभा, शेवटच्या धावेला नुसता आवाज. वेंगसरकर रडला म्हणतात, मी पाठमोरा माणूस पाहिला. नंतर लेख वाचला तेव्हा समजलं की मी काय पाहिलं. मॅच पाहिलेल्यालाही लेख लागतो, पाहिलेल्यालाच जास्त लागतो. कारण त्याला ताडून बघायचं असतं.

आणि वर्गणीची सोय सगळ्यांना नव्हती. आम्ही दादरला व्हीलरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या दोन पानं वाचणारे. स्टॉलवाला "पेपर है, लायब्ररी नहीं" म्हणेपर्यंत एक लेख व्हायचा. मग महिन्या-दोन महिन्यांनी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तेच अंक गठ्ठ्यानं. पोस्टर गेलेलं, पण लेख शाबूत. मी तीन महिने जुनी विम्बल्डन तितक्याच उत्साहानं वाचलीय. ताजेपणाचं म्हणाल तर स्पष्टवक्तेंचा मुद्दा माझ्यापुरता बाद.

तांबडा_पांढरा

आमच्याकडं कोल्हापुरात अंक घरात नाही, तालमीत यायचा. वर्गणी काढून. शब्दशः वर्गणी, गणपतीची काढतात तशी.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की अर्धं गाव एकीकडं, अर्धं दुसरीकडं. असल्या गावात ८६चा वर्ल्डकप टीव्हीवर दिसला आणि मॅराडोनानं सगळ्यांना येडं केलं. अंक आला की आधी फोटो. इंग्रजी सगळ्यांना कुठलं यायला? तालमीत एक मास्तर यायचे, ते शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी व्यायाम झाला की ते कट्ट्यावर बसून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल त्यांनी असा सांगितला होता की एकेक गडी नाव घेऊन मागं टाकला. हाताच्या गोलावर मात्र त्यांनी दोन अंक वाद चालू ठेवला. एक पार्टी म्हणायची फसवणूक, दुसरी म्हणायची पंचाला दिसलं नाही तर खेळाडूनं सांगायचं का? पुढच्या आठवड्यात वाचकांची पत्रं आली त्यात पण तोच वाद, मद्रासचा माणूस आणि गुवाहाटीचा माणूस भांडत होते. तवा आमच्या लक्षात आलं की आपल्यासारखी येडी देशभर हाईत.

एक तक्रार हाय. कुस्ती. हेलसिंकीला १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी आणलं. शिकले आमच्या राजाराम कॉलेजात. या असल्या मातीतल्या माणसाला मद्रास-कलकत्त्याच्या अंकात शोधावं लागायचं. मातीवरची कुस्ती तर नाहीच. कबड्डी ९०च्या बीजिंग एशियाडला आली, सुवर्ण मिळालं, तवा कुठं जरा पानं मिळाली. अकरावा गडी म्हणतात तसं वर्गणीदाराला निवड नसते हे खरं, पण निवड संपादकाला असते की.

गवती_चहा

शेवटच्या वाक्याला +१००.

दूधसागर

आमच्या गोव्यातही तीच गत, फक्त फुटबॉलची. कलकत्त्याच्या अंकात मोहन बागान आणि ईस्ट बंगालनं पानं भरलेली. साहजिकच आहे, ज्याच्या गावचा अंक त्याची टीम. आम्ही साळगावकर आणि धेंपोचं नाव शोधत पानं उलटायचो. संतोष ट्रॉफी गोव्यानं पहिल्यांदा उचलली १९८२-८३ च्या मोसमात, तीसुद्धा बंगालबरोबर वाटून. पुढच्या मोसमात मात्र एकट्यानं. तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकरचा गोलपोस्टसमोरचा फोटो राष्ट्रीय अंकात बघून वडिलांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवला होता. स्थानिक पेपरात त्याचे फोटो रोज येत होते, त्याचं काही नाही. बाहेरच्यांनी छापला म्हणून मोठा.

खेळाचा अंक घेण्यामागं हेही एक कारण असतं हो. आपला माणूस बाहेरच्यांना दिसला की नाही ते बघायचं असतं.

'स्पोर्टस्टार'मध्ये इंग्लंडहून ब्रायन ग्लॅनव्हिल फुटबॉलवर लिहायचे. भयंकर तिरकस. कुणालाही सोडायचे नाहीत. घरबसल्या युरोपच्या फुटबॉलवर मत बनवायला आम्ही त्यांच्याकडून शिकलो, मॅच एकही न बघता!

नेकारकाठी

जर्मनीतून. इथे हे सगळं अजून चालू आहे म्हणून लिहिते.

'किकर' नावाचं फुटबॉलचं नियतकालिक न्यूरेंबर्गहून निघतं, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारच्या अंकात शनिवार-रविवारच्या बुंडेसलिगाच्या (इथली वरच्या दर्जाची फुटबॉल लीग) प्रत्येक खेळाडूला गुण दिलेले असतात, शाळेतल्यासारखे, १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. ऑफिसच्या किचनमध्ये सोमवारी सकाळी चर्चा मॅचची नसते, गुणांची असते. "आमच्या गोलकीपरला ४? लिहिणारा झोपला होता काय?" सगळ्यांनी मॅच पाहिलेली असते. निकालही सगळ्यांना माहीत. आता न्यायनिवाडा हवा असतो, आणि तो कितीही अमान्य असला तरी छापलेला हवा असतो, म्हणजे त्याच्यावर ओरडता येतं.

उन्हाळ्यात सीझनपूर्व जाडजूड विशेषांक येतो. त्यात पुठ्ठ्याचा गुणतक्ता आणि प्रत्येक क्लबच्या चिन्हाचा छोटा तुकडा मिळतो. दर आठवड्याला तुकडे काढून नव्या क्रमानं खोचायचे. माझ्या घरमालकांचं वय सत्तरीच्या पुढे, फोन उत्तम वापरतात, तरी रविवारी रात्री चष्मा लावून तुकडे खोचतात. श्टुटगार्ट खाली गेलं की तो तुकडा खोचताना जरा जास्त जोर लागतो असं माझं निरीक्षण आहे.

अवांतर: 'किकर' १९२० मध्ये सुरू करणारे वाल्टर बेन्सेमान ज्यू होते. १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ते वारले. नियतकालिक मात्र शंभरी ओलांडून चालू आहे.

एडिसनकर

अमेरिकेचा नमुना मी देतो, तो मात्र रडका आहे.

'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' ऑगस्ट १९५४ मध्ये सुरू झालं. पहिल्या मुखपृष्ठावर मिलवॉकीचा बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज. मी नोकरीसाठी इथे आलो ९४ ला. सोमवारी ऑफिसात सगळे फुटबॉलवर बोलायचे, म्हणजे यांचं हातात धरून पळायचं फुटबॉल, आणि मी मान डोलवायचो. बायकोनं वर्गणी भरली. वर्गणीबरोबर भेट म्हणून फुटबॉलच्या आकाराचा टेलिफोन यायचा. तो फोन या देशात इतका गाजला की अजून लोक त्यावर विनोद करतात. आम्ही तो भारतात नेऊन भाच्याला दिला, पुढे काय झालं विचारू नका.

मुद्दा असा की मला बेसबॉल टीव्हीनं शिकवलं नाही. टीव्हीवरचा समालोचक गृहीत धरतो की तुम्ही इथेच जन्मलात. लांबलचक लेखात माणूस येतो, त्याचं गाव येतं, बाप येतो, मग खेळ आपोआप कळतो. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) खांद्याच्या ऑपरेशनवरचा लेख वाचून मला पिचिंग कळलं.

हे साप्ताहिक २०१८ मध्ये पाक्षिक झालं, २०२० मध्ये मासिक. २०२४च्या जानेवारीत बहुतेक कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या. आता दुसऱ्या कंपनीकडे आहे. मी वर्गणी थांबवली ती मासिक झाल्यावर. महिन्यानं आलेल्या अंकाशी माझं जमेना. आठवडाभर उशीर झालेला चालतो, मॅच डोक्यात ताजी असते आणि राग शिल्लक असतो. महिन्यानं रागच उरत नाही.

अकरावा गडी

"राग शिल्लक असतो" हे माझ्या मूळ लेखात हवं होतं!

स्पष्टवक्ता

म्हणजे आता मुद्दा आठवड्यावर आला. चांगलं आहे. पण मग 'स्पोर्टस्टार'ही आता साप्ताहिक राहिलेलं नाही आणि 'क्रिकेट सम्राट' तर २०२० मध्ये बंदच पडलं. तुम्ही सगळे इतके मोठे चाहते, तर आज या धाग्यावर किती जणांची छापील वर्गणी चालू आहे? हात वर करा.

टाचणी

...

उंटाची तिरकी चाल

माझी नाही. कोडी ॲपवर.

शंकेखोर

माझी होती, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. क्रीडा नियतकालिकच, नाव घेत नाही. अंक सोसायटीच्या गेटपाशी पडायचा आणि वॉचमनच्या टेबलावरून नाहीसा व्हायचा. कस्टमर केअरवाले "अंक पाठवलाय" एवढंच सांगायचे. शेवटी डिजिटल घ्या म्हणाले. डिजिटल घेतलं, उघडलंच नाही. जे टेबलावर पडून डोळ्यात खुपत नाही ते वाचून होत नाही, असा माझा तरी अनुभव.

नेकारकाठी

✋ पण आमचा पोस्टमन येतो, हे मान्य करते.

तांबडा_पांढरा

तालमीत अजून एक येतंय. कोण वाचतंय ते विचारू नका. पोरं त्यावर प्रोटीनचा डबा ठेवतात.

रील_बघ्या

स्पष्टवक्ते, मी तुमच्या बाजूनं होतो पण थोडा हललोय. नऊ वाजताची लोकल यांचं ताडून बघायचं म्हणणं पटलं, कारण फॉर्म्युला वनच्या रेसनंतर आम्ही तेच करतो. रेस रविवारी संपते आणि बुधवारी दीड तासाचा पॉडकास्ट ऐकतो, ज्यात तिसऱ्या लॅपला टायर का बदलले नाहीत यावर वीस मिनिटं. निकाल माहीत असतोच. त्याला पैसेही देतो, महिन्याला. म्हणजे आम्हीपण वर्गणीदारच की.

फक्त रिकाम्या अंकांचा मुद्दा आमच्याकडे नाही. माझ्या फोनवर भालाफेक येते ती नीरजची. बाकी भालाफेकवाले मला दिसतच नाहीत. मी एकदा एकाची क्लिप थांबून पाहिली तर पुढे आठवडाभर तोच खेळ दाखवत राहिले आणि मी वैतागून सगळं पुसून टाकलं. कोणीतरी ठरवून मला थोडं थोडं वाढावं असं होतच नाही.

प्रूफवाला

थोडं थोडं वाढायचं काम पानं जुळवणाऱ्याचं. चौसष्ट पानांत क्रिकेट पंचेचाळीस झालं, एकोणीस उरली, ती भरायचीच आहेत. कागद कोरा सोडता येत नाही. मग हॉकी येते, मग कॅरम येतो. तुम्ही त्याला संपादकाची दृष्टी म्हणता. आमच्याकडे त्याला फॉर्म पुरा करणं म्हणतात.

गवती_चहा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! म्हणजे धनराज पिल्लेवरचं ते चार पानी काहीतरी मी वाचलं आणि हॉकीच्या प्रेमात पडले, ते कागद उरला म्हणून?

प्रूफवाला

खडकीच्या पोराला चार पानं मिळाली असतील तर ते कागद उरला म्हणून नव्हे. उरलेल्या कागदावर अर्धं पान मिळतं.

स्पष्टवक्ता

बरं, माझी कबुलायत नाही, पण एक विचारणा आहे. ऑगस्ट १९९६, अटलांटा ऑलिंपिक, टेनिसमध्ये लिअँडर पेसचं ब्राँझ. मेलिगेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ गेला आणि मग ६-२, ६-४. त्या वेळचा अंक माझ्याकडे होता, मामाच्या घरी राहिला आणि मामींनी दिवाळीत काढून टाकला. कुणाकडे आहे का? पोस्टर नको, लेख हवाय. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला त्यानं काय बदललं ते त्यात होतं, आणि मला कुठल्याही क्लिपमध्ये ते सापडलेलं नाही.

टाचणी

🤣🤣🤣 वाखुसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद फ्रेम करणार.

नऊ_वाजताची_लोकल

९६चे काही अंक आहेत, माळ्यावर. ऑलिंपिकचे नक्की. रविवारी बघतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण परत पाठवायचा हां, आणि पोस्टानं नको.